वरचा आकडा

४ जून

वहिनी,

पायाला हात लावला असं समजा. टपली मारायची राहिली असेल तर ती दादाच्या डोक्यात मारा.

पोहोचलो. खोली मिळाली, काम मिळालं. खोलीत तीन खाटा, दोन खिडक्या आणि एक बादली. बादलीवरून रोज भांडणं होतात, खिडक्यांकडे कोणी बघत नाही. कारखाना तराजूंचा आहे. पण किराणा दुकानात असतो तसला तराजू नव्हे. इथले तराजू काचेच्या पेटीत राहतात, आणि त्यांच्यावर तोलतात काय, तर धूळ. औषधाची चिमूट, धातूची पूड, पेनाची रेघ. आधी कोरा कागद तोलायचा, मग त्यावर सही करायची आणि परत तोलायचा. सहीचं वजन कळतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, नवीन माणूस बघून थट्टा चाललीय. पण खरोखर माझी सही तोलली. फारच हलकी निघाली. तुम्ही म्हणाल, माणसासारखीच.

मी सध्या खोके बांधतो. पण सातवीत शाळा सोडलेला मी इथले आकडे वाचायला शिकलोय, हे दादाला मुद्दाम सांगा. इथे शून्यांच्या माळा लावत नाहीत. पुढे एक आकडा लिहायचा, मग गुणिले दहा, आणि त्या दहाच्या डोक्यावर, बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरासारखा, बारकासा आकडा. तो शून्यं सांगतो. हजार म्हणजे 10³. बापापेक्षा पोर लहान दिसतं, पण घर तेच नाचवतं.

आमचे मोठे साहेब तर त्याहून पुढचे. डोक्यावर फक्त तीन, सहा, नऊ, बारा असंच बसवतात. चार, पाच, सात दिसला की लाल पेनाने खोडतात. म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'तिनाचा पाढा' म्हणतात. फळ्यावर चहाची सुट्टी पंधरा मिनिटं असं लिहिलेलं नाही. 0.9 × 10³ सेकंद असं लिहिलंय. नवा माणूस ते वाचून समजून घेईपर्यंत सुट्टी संपते.

आता मुद्द्याचं. शिवणक्लासच्या बाईंची मुलगी तुम्हाला माझं विचारेल. तिला मी कात्री म्हणतो हे तुम्हाला ठाऊक आहे, बाईंना नाही. थेट लिहावं तर पाकीट बाई फोडतात. गेटवर फोन आहे, पण एकच, आणि मागचा माणूस घसा खाकरत उभा असतो. शिवाय फोनवर ती सरळ विचारते. कागदावर जरा श्वास घेता येतो.

निघताना मी तिला म्हणालो होतो, वर्षाच्या आत परत येईन. ती म्हणाली होती, "भिंगरी, तू बोलतोस फार. आकडा सांग." तर तिला सांगा, आकडा आला. माझा करार 9.5 × 10⁷ सेकंदांचा आहे. डोक्यावर सात बसलेला बघून साहेब मला फाडून खातील, पण साडेनऊ दिसायला बरं दिसतं. सेकंद म्हणजे किती, तर डोळ्याचं पातं लवतं तेवढं. सगळी सेकंदांचीच गोष्ट आहे, एवढं तिला नीट सांगा.

अजून एकाच जागी असलेला तुमचा,
भिंगरी


२३ जून

भावोजी,

टपली तुमच्या दादांना पोहोचवली. त्यांनी कारण विचारलं नाही, सवय आहे.

पत्र चांगलं आहे, पण कराराचं काही पटलं नाही. 9.5 × 107 सेकंद. दादांनी पाकिटाच्या पाठीवर गुणाकार केला. हजार आणि वर थोडे सेकंद, म्हणजे सतरा मिनिटं. दोनदा करून बघितला, तेवढीच आली. दादा म्हणाले, "सतरा मिनिटांचा करार कोण करतं?" मी म्हटलं, "ज्यांनी भावोजींना नीट ओळखलंय ते."

गॅरेजात तुम्ही महिना काढलात. छापखान्यात पंधरवडा. बर्फाच्या कारखान्यात डबा खाईपर्यंत. तेव्हा सतरा मिनिटं ऐकून आम्ही काही आकाश कोसळल्यासारखं करणार नव्हतो. काढून टाकलं असेल तर काढून टाकलं म्हणा, त्यात ते गुणिले एकशे सात कशाला घालायचं? सरळ मिनिटं लिहिली असती तरी दादा समजून घेतात. तुमची गादी उन्हात टाकलीय.

कात्रीला मी आकडा सांगितलाच नाही. तुमची लाज राखली. ती मापाची पट्टी गळ्यात घालून, दोन टाचण्या ओठांत धरून उभी होती. म्हटलं, "येतायत. महिन्याभरात इथे असतील." तिने टाचण्या काढल्या. तुम्हाला ठाऊक नसेल, तिला एका दूरच्या शिलाई कारखान्यातून बोलावणं आलंय. कापणी विभाग तिच्या हाताखाली द्यायचा म्हणतात, चाळीस माणसं. त्यांना होय-नाही कळवायचं होतं. माझं ऐकून म्हणाली, "मग मी त्यांना सध्या नको म्हणते." आणि परत टाचण्या तोंडात. टाचण्या तोंडात असताना ती हसते तेव्हा मला भीती वाटते, पण हसली.

तेव्हा आता उगाच उशीर करू नका. तिने तुमच्यापायी चाळीस माणसं सोडलीत.

तुमची नाही, तुमच्या गादीची वाट बघणारी,
वहिनी


११ जुलै

वहिनी,

गादी घरात घ्या.

सात वर लिहिलाय. वर. दहाच्या डोक्यावर. तुम्ही पोराला खांद्यावरून उतरवून बापाच्या शेजारी उभं केलंत, आणि दोघांचे मिळून झाले एकशे सात. असं नसतं. 10⁷ म्हणजे एकावर सात शून्यं. पुन्हा घोळ नको म्हणून साहेबांच्या तिनाच्या पाढ्यात लिहितो: 95 × 10⁶. पंचाण्णववर सहा शून्यं. मला कोणी काढलेलं नाही. आणि कृपा करून त्याची वर्षं-महिने करत बसू नका. इथे कोणी करत नाही.

काढणं लांबच, उलट चढवलंय. माझा आवाज खणखणीत म्हणून खोके सुटले आणि तोलखोलीत घेतलं. आकडा दिसला की मी मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा. काम सोपं वाटतं, पण पेटीजवळ हलायचं नाही. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला तरी काटा भरकटतो. जोरात श्वास सोडला तरी. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "तू आलास की इथे भूकंप होतो. पाय आहेत की पंखा?" मी म्हटलं, घरचेही असंच म्हणतात.

खालच्या बाजूचे आकडेही शिकलो. डोक्यावर उणे तीन म्हणजे एकाचे हजार भाग करून त्यातला एक. उणे सहा म्हणजे दहा लाखांतला एक. मला वाटायचं, उणे आलं म्हणजे संपलं, काही उरलंच नाही. साहेबांनी त्यावर मला सगळ्यांदेखत झाडलं. म्हणाले, "उणे म्हणजे नाही नव्हे. आहे, पण बारीक आहे. बारीक असणं आणि नसणं यातला फरक कळावा म्हणून तर हा कारखाना उभा केलाय." मग स्वतःच खूश होऊन चहाला गेले.

कात्रीने त्या शिलाईवाल्यांना नको म्हटलं ते उत्तम केलं. इतक्या दूर जायचं कशाला? माणूस दूर गेलं की बदलतं, बोलतं एक आणि करतं दुसरंच. मी इथे रोज बघतो ना. तिला माझा आकडा आता नीट द्या, डोक्यावरच्या पोरासकट. आणि तिने वाट बघावी असं सांगा. बघेल ना, एवढं विचारून कळवा.

दोन्ही पाय जमिनीवर असलेला,
भिंगरी


२ ऑगस्ट

भावोजी,

आकडा नीट दिला. त्याचे दोन परिणाम झाले, एक हसण्यासारखा आहे. तो आधी सांगते.

दादा दारातल्या पायरीवर बसून पंचाण्णववर मोठ्याने शून्यं चढवत होते. चढवून झाल्यावर ओरडले, "साडेनऊ कोटी!" आणि 'सेकंद' म्हणायच्या आत त्यांना ठसका लागला. नेमके हार्डवेअरवाले समोरून चालले होते. गल्लीत कोटी ऐकल्यावर पुढचा शब्द ऐकायला कोणी थांबत नाही. संध्याकाळी ते भाचीचा फोटो घेऊन हजर. मी म्हटलं, "अहो, सेकंद आहेत ते." तर डोळे मिचकावून म्हणाले, "असू द्या, असू द्या. आम्ही तरी कुठे बाहेर बोलतोय?" फोटो ठेवून गेले. पोरगी दिसायला बरी आहे, पण त्यांच्या दुकानातले खिळे वाकतात, म्हणून मी परत पाठवला.

आता दुसरा. कात्रीला मी तुमचा आकडा कागदावर लिहून नेऊन दिला. सात वर काढायला विसरले नाही, उलट जरा जास्तच वर काढला. तिने कापड बेतायचा खडू घेतला आणि कापणीच्या टेबलावरच भागाकार मांडला. साठने, परत साठने, मग चोवीसने. मी म्हटलं, "वर्षं-महिने करू नका म्हणालेत." ती म्हणाली, "म्हणूनच करतेय." शेवटी तीनशे पासष्टने भागलं. तीन आले.

तिने तळहाताने टेबल पुसलं. म्हणाली, "वर्षाच्या आत म्हणाला होता." एवढंच. कात्रीने एवढ्यावर थांबणं मला आवडलं नाही. तिने चार शब्द सुनावले असते तर मी घरी येऊन निवांत झोपले असते. दुसऱ्या दिवशी तिने त्या कारखान्याला लिहिलं. जागा अजून रिकामी होती.

मला एक सांगा भावोजी, 'तीन वर्षं' लिहायला किती शाई लागते? तुमच्याकडे तराजू आहे, तोलून बघा. दादांनी मला लग्नाआधी सांगितलं होतं की ते घोरत नाहीत. ते मी माफ केलं, कारण झोपलेल्या माणसाला स्वतःचं ठाऊक नसतं. तुम्ही जागे होतात.

तिची चिठ्ठी सोबत आहे. मी वाचलेली नाही, घडी आपोआप उलगडली.

वहिनी

(सोबतची चिठ्ठी)

भिंगरी,

तुझा आकडा मिळाला. दिसायला खरंच बरा आहे. आता माझा ऐक. शिलाई कारखान्याला मी हो कळवलं. माझा करार 1.6 × 10⁸ सेकंदांचा आहे. सगळी सेकंदांचीच गोष्ट आहे. परवा निघते. पत्ता वहिनींकडून घे.

तू वाट बघशील ना?

कात्री


१८ ऑगस्ट

कात्री,

हे पाकीट तूच फोडलंस ना? किती दिवसांनी बाईंना मध्ये न घेता लिहितोय.

तुझी चिठ्ठी मी खोलीभर येरझाऱ्या घालत उघडली. तोलखोलीत असतो तर पेटी फुटली असती. पण 1.6 बघितलं आणि जीव भांड्यात पडला. माझे साडेनऊ, तुझं दीड आणि वर चिमूटभर. म्हणजे माझ्या सहाव्या हिश्श्याला आलं. तीन वर्षांचा सहावा हिस्सा सहा महिने. सहाच महिने! खोलीतल्या दोघांना मी स्वतःच्या खिशातून चहा पाजला. एवढं तर मी हसत काढेन. वाट बघशील ना म्हणे. अगं, बघतोच आहे.

आणि तीन वर्षांबद्दल वहिनींनी मला बरंच झापलंय. तुलाही तसंच वाटत असेल तर ऐक. मी काही लपवलं नव्हतं. फक्त आटोपशीर लिहिलं होतं. लिहिलेलं अक्षर न अक्षर खरं होतं, हवं तर साहेबांना दाखव, फक्त तो सात सोडून.

तुझे सहा महिने झाले की तू घरी जाशील. मग राहिलेला काळ तू तिथे माझी वाट बघ. सोपं असतं गं, फक्त दुसऱ्या कशाचा विचार करायचा नाही. कंटाळलीस तर वहिनींकडे जात जा. आणि हो, नव्या जागी आकड्यांत कुठे अडलीस तर मला विचार. इथे नवी पोरं मलाच विचारतात.

निवांत झालेला,
भिंगरी


६ सप्टेंबर

भिंगरी,

वरचा आकडा वाच.

इथे चाळीस थर कापड एकावर एक रचून एकदम कापतात. सगळ्यात वर खडूने आखलेला बेत असतो. तो वाचताना चुकलं की खालचे चाळीसही चुकतात, आणि ते सगळे एकसारखे चुकतात, त्यामुळे आधी कोणाला कळतसुद्धा नाही. पहिल्या दिवशी मी एकीला विचारलं, "बेत न बघता कापायला कशी लागलीस?" ती म्हणाली, "कापड बघितलं ना." मला तुझी आठवण आली.

तुमचे साहेब तिनाचाच पाढा म्हणतात, हे वहिनींनी वाचून दाखवलेल्या तुझ्या पत्रांत दोनदा आलं, हसण्यासाठी. ते तसं का करतात, हे मला इथे बसून कळलं. माझ्या आणि तुझ्या, दोघांच्याही दहाच्या डोक्यावर सहा बसव. एकाच उंचीचं पोर दोघांच्याही खांद्यावर आलं, की मग पुढचे आकडे शेजारी ठेवून बघ, कोण मोठं आहे ते. चहाचे पैसे खोलीतल्या दोघांकडून परत घेऊ नकोस. त्यांची काही चूक नाही.

मी वर्षंच लिहिणार होते. पण तू आटोपशीर लिहितोस, तर म्हटलं आपणही तसंच लिहावं.

मी वाट बघेन का, असं तू वहिनींना विचारायला सांगितलं होतंस. त्यांनी विचारलं होतं, मी उत्तर दिलं नव्हतं. आता देते, तुझ्याच भाषेत, म्हणजे तुला लपायला जागा राहील. माझ्या वाट बघण्याची शक्यता: 10⁻³.

कामाची वेळ झाली.

कात्री


२१ सप्टेंबर

कात्री,

सहा बसवला. माझे पंचाण्णव, तुझे एकशे साठ.

हे मला तोलखोलीत, पेटीसमोर उभ्याउभ्या कळलं. काट्यावरचा आकडा वाचायचा सोडून मी मोठ्याने म्हणालो, "पाच वर्षं." लिहिणाऱ्याने तेही लिहून घेतलं. साहेब धावत आले. म्हणाले, "इथे वर्षं चालत नाहीत." मी म्हटलं, "साहेब, मला आता चालवून घ्यावी लागतील." त्यांनी लाल पेनाने ती ओळ खोडली, माझ्याकडे जरा बघितलं, आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

तर आता साध्या अक्षरांत. माझी तीन वर्षं. तुझी पाच. मी तुझ्या आधी सुटणार. म्हणजे वर्षाच्या आत येतो म्हणालेला मी, तीन वर्षांनी मोकळा होऊन पुढची दोन वर्षं तुझी वाट बघत बसणार. ज्याला बर्फाच्या कारखान्यात डब्यानंतर दम निघाला नाही, तो. वहिनींना हे कळवलं तर त्या म्हणतील, देव आहे. आणि गादीही आता पाच वर्षं उन्हात टाकायची नाही म्हणून त्यांचे कष्टही वाचले.

तुमच्या तिथे कापडाचे गठ्ठे तोलतातच. काटा असेल, आणि काटा असला की तो कधीतरी बिघडतो. मोठा काटा दुरुस्त करणं मला येत नाही, पण तीन वर्षांत शिकेन. आत्ताच काही म्हणू नकोस, नुसतं काटा कुठे ठेवलाय ते बघून ठेव.

आता तुझ्या 10⁻³ चं. खोलीतल्या दोघांना दाखवलं. एक म्हणाला, हजारात एक म्हणजे नकार. दुसरा माझ्या चहाला जागून म्हणाला, सभ्य नकार. मला ते पटेना. साहेबांना विचारलं, कोणाचा आकडा ते सांगितलं नाही. म्हटलं, "साहेब, उणे तीन म्हणजे फारच थोडं का?" ते म्हणाले, "उणे तीन? ग्रॅमचा हजारावा भाग ना? तो तर दारातूनच दिसतो. आपण उणे सहा तोलतो." मग पेटीच्या काचेवर बोट वाजवून म्हणाले, "सापडतं. फक्त तोलणाऱ्याने हलायचं नाही."

आज दिवसभर पेटीसमोर उभा होतो. एकदाही पाय बदलला नाही. लिहिणारा म्हणतो, आज भूकंप कुठे गेला.

माझं नाव आता बदललंस तरी चालेल. पण घाई नाही.

भिंगरी